मिशी थोडीशी कातरली असती तं

त्या दिवशी सकाळी मधुकर चहा पेऊन राह्यला होता अन त्याच्या मिशीले साय लागली. अनुसयाबाईनं पदराच्या कोन्यानं पुसून देल्ली. एकोनतीस वर्साचा पोरगा, इमान चालवनारा, पन माय पुसते म्हनून तोंड पुढं करून बसला. रूपरावजी तठीच ओट्यावर होते. ते हासले अन त्यायनं आपल्या मिशीले पीळ देल्ला. बापाची मिशी अन पोराची मिशी एकाच साच्यातली, दोन्ही टोकं वर. फरक एवढाच का बापाची पांढरी झालती.

साल एकोनऐंशी, भादव्याचे दिवस. पऱ्हाटीवर बोंडअळी आलती म्हनून आमच्या शिवारात इमानानं फवारनी चालू होती. आर्वीहून पाच कोसावरचं गाव, तठी इमान म्हनजे पोट्टेसोट्टे शाळा सोडून पाहाले जात. गावाबाहेरचं पडीत वावर रोलर फिरवून सपाट केलतं, तठून ते लहानसं पिवळं इमान उडे. चालवनारा आपलाच मधुकर, मंग काय इचारता! कंपनीनं त्याले बाकी जिल्ह्यात लय फिरवलं, पन आपल्या गावावर तो पह्यल्यांदाच आलता. हप्ताभर घरचं जेवन भेटन म्हनून खूश होता.

फवारनीले झेंडीवाले लागते. वावराच्या दोन टोकाले दोघं जन पांढरी झेंडी घेऊन उभे राह्यते, इमान झेंडीच्या सिधाईत येते, दवाई सोडते, का झेंडीवाल्यानं बाजूले सरकाचं. त्या दिवशी एक झेंडीवाला आलाच नाई. रूपरावजी म्हने, मी उभा राह्यतो.

"बा, तुमी नोका येऊ. दवाई अंगावर पडते."

"काऊन? मी का साखरेचा हाव? माहं वावर, माहा पोरगा, अन झेंडी काय परक्यानं धराव?"

"मंग तोंडाले दुपट्टा बांधजा. नाकातोंडात जाते ते."

"अन मिशी?"

"मिशी दुपट्ट्याच्या आत ठेवा, आज कोनी पाहात नाई."

अनुसयाबाई घरातून ओरडली, "बापलेक दोघंबी मिशीतच अडकले हाय. चहा गार होऊन राह्यला ना!"

हेच शेवटचं. पुढं अनुसयाबाई कोनी आली-गेली का हेच सांगे, का मी त्याच्यावर शेवटचं ओरडली ते चहासाठी.

अकराच्या सुमाराले रूपरावजी वावराच्या टोकाले धुऱ्यावर झेंडी घेऊन उभे होते. पाच खेपा झाल्या. दर खेपेले इमान बाभळीवरून खाली येई, पऱ्हाटीच्या डोक्यावरून सरळ रूपरावजीकडं येई, अन मंग एकदम वर उचले, कारन धुऱ्याच्या मांगं इजेच्या लाईनची तार होती. उन्हाळ्यातच नवीन वढली होती, इहिरीच्या मोटरीसाठी. मधुकरले ती माहीत होती. सकाळी त्यानंच बोट करून दाखवलती. सहाव्या खेपेले इमान लयच खाली आलं. रूपरावजीले वाटलं, पोरगा मजाक करून राह्यला, बापाले सलाम ठोकून राह्यला. त्यायनं झेंडी अजून वर केली. इमान डोक्यावरून गेलं अन मांगं ताडकन आवाज झाला.

आग लागली नाई. इमान तारीत अडकून पलीकडच्या वावरात उलटं पडलं, दवाईची टाकी फुटली. रूपरावजी धावले तं झेंडी हातातच. मानसं आली, पट्टे कापले, मधुकरले बैलाच्या बंडीत घातलं. आर्वीच्या रस्त्याले लागता लागताच तो संपला. त्याच्या मिशीवर दवाईचे पांढरे थेंब होते. रूपरावजीनं ते आपल्या दुपट्ट्यानं पुसले. पुसतच राह्यले. त्यायचा लहाना भाऊ बबनराव बंडीत होता, त्यानं हात धरला तवा थांबले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा साहेब आला. सगळे ओट्यावर बसून. साहेब म्हने, ऊन डोळ्यावर आलं असन, तार दिसली नसन. रूपरावजीनं खाली मान घालून एकच गोष्ट इचारली.

"साहेब, ते दवाईच्या वासाचं झाकन, तोंडावर लावाचं, ते त्याच्या तोंडावर नीट बसे का?"

"मास्क? त्याचा याच्याशी काई संबंध नाई, बाबाजी."

"नाई, पन बसे का?"

साहेबाले काई समजलं नाई. पन बबनरावाले समजलं, अन तो उठून मांगं ढोराच्या कोठ्यात गेला, कारन भावाच्या तोंडाकडं त्याच्यानं पाहवलं नाई. ते काऊन, हे समजाले मांगचं सांगा लागते.

मधुकरले लहानपनापासून इमानाचं येड. नागपूरले कॉलेजात गेला, तठी शिकता शिकता इमान शिकवायच्या क्लबात घुसला. सरकारची सवलत होती, थोडं बापानं देल्लं, थोडं त्यानं शिकवन्या घेऊन जमवलं. चार-पाच वर्सात लायसन भेटलं. गावात पेढे वाटले. पन लायसन भेटलं म्हनजे नौकरी भेटली असं नाई. त्या काळात मोठ्या इमानाच्या जागा निंघत दहा-बारा, अन लायसनवाले पोरं दोनशे. पंचाहत्तर साली हिवाळ्यात त्याले मुंबईचं बलावनं आलं. इंटरव्ह्यू.

क्लबातला शिकवनारा साहेब त्याले म्हने, "ढोले, तुझं इंग्रजी ठीक, तुझं उडनं ठीक. पन ही मिशी घेऊन जाशील तं दारातूनच वापस येशील. हे गावातल्या मुखियाचं तोंड हाय, पायलटचं नाई. सफाचट करून जा."

मधुकरनं काढली. नागपुरातच, एका सलूनात. डोक्याचे केसबी बारीक केले. पांढरा शर्ट घेतला अन गेला.

आता आमच्याइकडची रीत. बाप जिता असताना पोरगा मिशीले वस्तरा लावत नाई. बाप गेला का ज्यानं अग्नी देल्ला त्याची डोकशी अन मिशी त्याच दिवशी उतरते. तोंड सफा दिसलं म्हनजे घरचा मोठा मानूस गेला, इचाराचं कामच नाई. अन कोनी इचारतबी नाई, इचारनं बरं दिसत नाई.

मधुकर मुंबईले असताना इकडं रूपरावजीच्या पोटात कळ उठली. बबनरावानं त्यायले वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. अनुसयाबाई एक दिवस तठी राह्यली अन ढोरावासरासाठी घरी वापस आली. गावाले माहीत, रूपरावजी दवाखान्यात हाय, दुखनं जोराचं हाय. मधुकरले काईच माहीत नाई. तो मुंबईहून पुलगावले उतरला, तठून आर्वी, आर्वीहून यष्टीनं गावात. डोक्यावर टोपी. पांढरा शर्ट. तोंड सफाचट. हातात पांढऱ्या रुमालात बांधेल डबा. मायसाठी मुंबईचा हलवा होता त्यात.

यष्टीच्या थांब्यावर बंडूजीचा पानठेला. तठी पाच-सात जन बसेल होते. त्यायनं पोराचं तोंड पाह्यलं, हातातला डबा पाह्यला, अन सगळे उभे झाले. कोनी टोप्या काढल्या. बंडूजीनं रेडिओ बंद केला. मधुकर म्हने, "काय बंडूजी, कसं काय?" बंडूजीनं हात जोडले अन तोंड फिरवलं. मधुकरले वाटलं, पानाचे पैसे राह्यले असन माहे.

तो घरी पोचाच्या आत एक पोट्टा धावत घरी पोचला होता. अनुसयाबाई दारात आली. पोरगा आंगनात उभा, टोपी काढली तं केस गेलेले, मिशी गेलेली, हातात पांढऱ्या कपड्यातली अस्थी. तिनं एकच हंबरडा फोडला अन दोन्ही हात चौकटीवर आपटले. बांगड्या खळखळ खाली. कुंकू पुसलं. मधुकर धावला, "माय, काय झालं? माय!" ती म्हने, "तुहे बा गेले रे, मधू!" अन मधुकरले वाटलं, आपन मुंबईले होतो तवा बा गेला अन आपल्याले कोनी सांगतलं नाई. तोबी मायच्या गळ्यात पडून रडाले लागला. माय समजे पोरानं बातमी आनली, पोरगा समजे मायनं सांगतली. दोघं मिळून तीन तास रडले. शेजारची शकुबाई आली, बाया जमल्या, चूल इझवली, कोनी पिठलं-भाकर घेऊन आलं. हलव्याचा डबा तुळशीपाशी ठेवला, जौळ कोनी दिवा लावला.

अन पाचच्या यष्टीनं रूपरावजी उतरले. दुखनं साधं निंघालं होतं, गोळ्या घेऊन सुट्टी भेटली. थांब्यावर चिटपाखरू नाई, कारन सगळे त्यायच्याच घरी बसेल होते. आंगनात पाय ठेवला तं बाया रडून राह्यल्या. रूपरावजीले वाटलं, आपल्या घरातलं कोनीतरी गेलं. दारापाशी शकुबाई पदरात तोंड घालून बसली होती, तिलेच इचारलं, "कोन गेलं वं?"

"रूपरावजी गेले ना," शकुबाई म्हने. मंग तिनं वर पाह्यलं. अन जे पळाली ते सरळ आपल्या घरात, दोन दिवस बाह्यर आली नाई.

रूपरावजीनं पह्यले बायकोचे हात पाह्यले. उघडे हात, उघडं कपाळ. मंग पोराचं तोंड पाह्यलं. समजलं त्यायले.  घरात गेले अन भिताडाकडं तोंड करून झोपले.

गाव हासलं. आता हासनारच ना? पानठेल्यावर रूपरावजी दिसले का सुरू.

"या रूपरावजी, वर कसं काय होतं? चहा भेटते का तठी?"

"यमानं मिशी पाह्यली अन म्हने हा तं माह्यापेक्षा मोठा मानूस, वापस धाडा!"

"रूपरावजी, तेरवीचं जेवन उधार राह्यलं बरं का तुमच्याकडं!"

रूपरावजी हासल्यावानी करत अन निंघून येत. त्यायच्या जिवाले जे लागलं ते थट्टेचं नाई. अनुसयाबाईनं नव्या बांगड्या भरल्या, कुंकू लावलं, पन जितेपनी कुंकू पुसेल बाई म्हनून त्या संक्रांतीले कोनी तिले हळदी-कुंकवाले बलावलं नाई. गावातल्या जिजाबाईच्या नातीचं लग्न झालं तं हळद लावाले सगळ्या बायाले आवाज देल्ला, तिले नाई. ती घरात बसून तांदूळ निवडत राह्यली. हे रूपरावजीनं पाह्यलं.

अन मुंबईहून कागद आला का मधुकर पह्यल्या फेरीत पास झाला, आता चैत्रात पुन्हा या, शेवटची फेरी. पोरगा नाचत आला. रूपरावजीनं कागद हातात घेतला अन इचारलं, "मंग पुन्हा मिशी काढशीन?"

"बा, तठी उंचावर हवा कमी होते. काई झालं तं तोंडाले हवेचं झाकन लावा लागते. मिशी आडवी आली का ते बसत नाई. अन साहेब लोकाइले सफा तोंड पाह्यजे."

"तुह्या मायनं कपाळ पुसलं."

"बा, ते गल्लत झाली ना! आता सगळ्याइले माहीत हाय..."

"मी जिता हाव तोवर तुह्या मिशीले वस्तरा लागला नाई पाह्यजे."

"थोडीशी कैचीनं कातरली तं?"

"थोडीशी-बिडीशी नाई. वस्तरा नाई अन कैचीबी नाई. घे माहा हात हातात, अन सांग."

मधुकर मायकडं पाहे. ती म्हने, "जाऊ द्या ना, पोराची नौकरी हाय." पन ती हळू म्हने, अन तिच्या बांगड्या नव्या होत्या. मधुकरनं बापाचा हात हातात घेतला. देल्ला शब्द.

चैत्रात तो मुंबईले गेला तवा मिशी पह्यल्यासारखी भरून आलती. संगं ओमप्रकाश गेलता. हा ओमप्रकाश आर्वीच्या कापडाच्या दुकानदाराचा पोरगा, मधुकरचा शाळेपासूनचा दोस्त. त्याले मुंबईत माल पाहाचा होता. चार दिवसानं मधुकर यष्टीतून उतरला तं पानठेल्यावरच्याइनं पह्यले त्याच्या ओठाकडं पाह्यलं. मिशी जागच्या जागी. रूपरावजी स्वता थांब्यावर उभे होते. पोरगा म्हने, "जागा भरल्या होत्या, बा."

"जाऊ दे. दुसरी निंघन."

अन त्यायनं पोराले मधल्या रस्त्यानं, सगळ्या गावासमोरून, पायदळ घरी आनलं. संध्याकाळी बंडूजीच्या ठेल्यावर बसून मिशीले पीळ देऊन सांगतलं, "नौकरी गेली तं गेली. पन माह्या पोरानं मुंबईच्या साहेबासमोर शब्द ठेवला. एक केस कमी केला नाई." लोक वा वा म्हनाले. त्या दिवसापासून त्यायची थट्टा बंद झाली. रूपरावजी हे पुढं दोन-चार वर्स सांगत राह्यले, लग्नात, बजारात, कुठीबी. मधुकर तठी असला तं उठून जाई. रूपरावजीले वाटे, पोरगा लाजते.

मोठ्या इमानाची जागा मंग निंघाली नाई. मधुकर दोन वर्स घरीच होता. वावरात काम करे, कधी डोक्यावरून मोठं इमान गेलं तं वखर थांबवून वर पाहे अन मंग बैलाले हाक देई. मंग फवारनीच्या कंपनीत लागला. तठी मिशीचं कोनी इचारत नाई. मानूस हिंमतीचा पाह्यजे, बस. रूपरावजी खूश. म्हने, पाह्यलं, मिशी ठेवूनबी इमान भेटतेच ना!

अन मंग ती सहावी खेप.

पाचव्या दिवशी ओमप्रकाश आर्वीहून भेटाले आला. अनुसयाबाईच्या पाया पडला. मंग रूपरावजीजौळ सरकून म्हने, "काकाजी, एक गोष्ट हाय. मधूनं मले सांगाची मनाई केलती. आता कोनाची मनाई."

"बोल."

"मुंबईले जागा भरल्या नव्हत्या."

रूपरावजीनं मान वर केली.

"मी बाह्यर बाकड्यावर बसून होतो. मधू हासतच बाह्यर आला. म्हने, ओम्या, झालं! साहेबाइले माहं काम पसंत पडलं. फक्त म्हनते का मिशी ओठाच्या रेघेवर सरळ कातरून ये, टोकं काप, अन उद्या डाक्टरी तपासनीले ये."

"काढून नाई?"

"नाई ना, काकाजी. काढाची गोष्टच नव्हती. त्या साहेबातल्या एका जनाले मिशी होतीच. बारकी, सरळ. म्हने अशी कर. दोन बोटं कातराची होती, बस."

आंगनात एक बकरी बांधेल होती, ती ओरडली.  ओमप्रकाशच्या डोळ्यात पानी आलं, पन त्याच्यानं आता थांबवत नव्हतं.

"मी त्याले सलूनात नेलं. खुर्चीत बसला. न्हाव्यानं फडकं बांधलं, कैची घेतली. अन मधूनं त्याचा हात धरला. म्हने, थांब. फडकं सोडलं अन उठला. मी रस्त्यात त्याच्याशी भांडलो. म्हनलं, येड्या, गावाले जाईपर्यंत वाढन ते, बापाले काय मोजून दाखवाचं हाय का? तं म्हने, ओम्या, बा मोजत नाई, म्हनूनच नाई जमत."

असं म्हनून ओमप्रकाश रडाले लागला. रूपरावजी उठले, त्याच्यासाठी पानी आनाले घरात गेले अन बाह्यर आलेच नाई. अनुसयाबाईनं जाऊन पाह्यलं तं कोठीत अंधारात उभे, एका हातात खाली लोटा, अन दुसरा हात तोंडावर, मिशी झाकून.

त्या दिवसापासून त्यायनं मिशीले हात लावला नाई. तेल नाई, पीळ नाई. टोकं खाली आले. चहा पेताना डावा हात वर धरत, म्हनजे समोरच्याले मिशी दिसाची नाई. पानठेल्यावरून जानं सोडलं, मांगच्या गल्लीनं जात. बंडूजी एकदा आवाज देऊन म्हने, "रूपरावजी, या ना, बसा. तुमच्यावानी बाप अन तुमच्या मधूवानी पोरगा होनं नाई, शब्दाचा पक्का." भला मानूस, चांगल्यासाठीच म्हने. रूपरावजी अर्ध्या रस्त्यातून घरी वापस आले अन जेवले नाई.

दहाव्या दिवशी देऊरवाड्याले नदीवर गेले. पोराले अग्नी बापानंच देल्लता, कारन मधुकरचं लग्न झालं नव्हतं. पन बापानं पोरासाठी मिशी उतरवाची रीत नाई. लहान्यानं मोठ्यासाठी काढाची असते. घाटावर गावचा न्हावी तानबा बसला होता, लहान्या भाऊबंदाची हजामत करून राह्यला होता. सगळ्याइचं झाल्यावर रूपरावजी त्याच्यासमोर जाऊन बसले.

"माही काढ."

तानबाले वाटलं, दाढी. त्यानं पानी लावलं. रूपरावजीनं मिशीवर बोट ठेवलं. तानबानं वस्तरा मिटवला.

"रूपरावजी, तुमचा बाप गेलता तवा मीच तुमची काढलती. पोरासाठी कसा काढू? नाई जी. असं नाई करत कोनी."

"मी सांगून राह्यलो ना."

"माहा हात नाई चालत. मले पाप लागन."

बबनराव मांगून आला, खांद्यावर हात ठेवला. "दादा, उठा. लोक पाहून राह्यले."

लोक पाहून राह्यले होते, हे खरं. रूपरावजीनं आजूबाजूले पाह्यलं अन उठले. पानी लावेल होतं ते तोंडावर तसंच वाळलं. घरी येताना बंडीत त्यायनं बबनरावाले म्हनलं, "आजबी लोक पाहून राह्यले म्हनूनच उठलो मी, बबन." बबनरावानं बैलाले हाक देल्ली.

महिना गेला. दसरा गेला. एका सोमवारी रूपरावजी कोनाले न सांगता सकाळच्या यष्टीनं आर्वीले गेले. डेपोच्या समोर एक नवीन सलून उघडलं होतं, दोन आरसे, फिरती खुर्ची. न्हावी जवान पोरगा, कुठचा बाह्यरचा, रूपरावजीले ओळखत नव्हता. त्यानं फडकं झटकलं.

"बसा बाबाजी. दाढी?"

"मिशी."

पोरानं त्यायच्या मिशीकडं आरशात पाह्यलं. पांढरी, जाड, ओठावर पसरेल, महिन्याभरात तेल न लागेल. त्यानं कैची उचलली.

"वा, काय मिशी हाय बाबाजी! जरा बिघडली हाय फक्त. ओठाच्या रेघेवर सरळ कातरून देतो, टोकं बारीक करतो. दोन बोटं कमी केली का पाहा कशी साहेबावानी दिसन."

रूपरावजीनं खुर्चीचे दांडे धरले. पोरगा कैची घेऊन तसाच उभा.

"कातरू ना?"

"नाई. कातराचा येळ गेला. साफ काढ."

"साफ?" पोराचा आवाज उतरला. एवढ्या वयाच्या मानसाले काय इचाराव ते त्याले समजेना. "वडील गेले का जी तुमचे?"

"माहा बाप कवाचाच गेला. तू काढ."

पोरानं साबन लावला, हळू हळू मिशी काढली. कितीक वर्साचं ते, एका बाजूनं गेलं, मंग दुसऱ्या बाजूनं. फिटकरी फिरवली. फडकं सोडलं. रूपरावजीनं आरशात पाह्यलं. वरचा ओठ गोरा, बाकी तोंड काळं. पंचाहत्तर साली मधुकर आंगनात डबा घेऊन उभा होता, अगदी तसंच तोंड. तवा त्यायनं त्या तोंडाकडं एकदाच पाह्यलं होतं अन भिताडाकडं फिरले होते. आता फिराले जागा नव्हती, समोर आरसा अन मांगंबी आरसा.

दुपारच्या यष्टीनं ते गावात उतरले. पानठेल्यावर पाच-सात जन होते. सगळ्याइनं पाह्यलं. कोनी हासलं नाई, कोनी उठलंबी नाई. बंडूजीच्या हातात अर्धं लावेल पान होतं, ते तसंच राह्यलं. रूपरावजी आज मांगच्या गल्लीनं गेले नाई. मधल्या रस्त्यानं गेले, जसं त्या दिवशी पोराले मिरवत नेलतं तसं, पन मान खाली.

अनुसयाबाई आंगनात मिरच्या वाळवून राह्यली होती. पावलाचा आवाज आला म्हनून वर पाह्यलं.  तिचा हात एकदा कपाळाकडं गेला, तठीच थांबला, अन मंग पदर सारखा करून खाली आला.

"मधूच्या माय," रूपरावजी म्हने, "मुंबईच्या साहेबाइनं दोन बोटंच म्हनलं होतं वं. मीच नाई म्हनलो."

अनुसयाबाई घरात गेली. अशी हजामत करून आलेल्या मानसानं आंघोळ केल्याबिगर उंबरठ्याच्या आत याचं नसते, ते तिले माहीत होतं. न्हानीत पाट ठेवला, चुलीवरच्या गुंडातलं ऊन पानी बाल्टीत ओतलं, हात घालून पाह्यलं, थोडं गार मिळवलं.

"या," ती म्हने. "पानी काढलं हाय."